अकरा वह्यांतला चंद्र

शास्त्र शिकवण्यासाठी ते आधी स्वतःला कळावे लागते, ही कल्पना सन एकोणीसशे चौतीस साली रत्नागिरीत नवीन होती आणि पुण्यात अद्याप पोचायची होती. त्यापूर्वी तीन वर्षे रत्नागिरीच्या बालशिक्षिका वर्गात हा विषय अगदी सुरळीत चालला होता. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शिकवू पाहणाऱ्या बायका बाकांवर बसत, एक वृद्ध मास्तर खुर्चीत बसत आणि छापील वस्तुपाठाच्या पुस्तकातून मजकूर सांगत: मीठ पांढरे असते, मीठ खारट असते, मीठ पाण्यात विरघळते. बायका तो उतरून घेत. खिडकीबाहेर समुद्र होता. पण त्या तीन वर्षांत मिठाचा एक खडा वर्गात आला नाही, आणि मास्तरांना तहान लागे तेवढा प्रसंग सोडला तर पाण्याचा पेलाही कोणी मागवला नाही. परीक्षेत सगळ्या उत्तीर्ण झाल्या. न चाखलेल्या मिठाविषयी इतके एकमत जगात दुसरीकडे कुठे झाले नसेल.

मास्तर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी मुंबईहून पद्मजाबाई आल्या. तिशीच्या, सडपातळ, आवाज कधी न चढवणाऱ्या. त्यांच्याबरोबर रसायनशास्त्राची पदवी, पुस्तकांच्या तीन पेट्या आणि एक भिंग एवढेच सामान होते. पहिल्या दिवशी त्यांनी वस्तुपाठाची सगळी पुस्तके गोळा केली, कपाटात कुलूपबंद केली आणि किल्ली भिकाजी शिपायाच्या हातात ठेवून म्हणाल्या, "जपून ठेवा. हरवली तरी चालेल."

मग वर्गाकडे वळल्या. "चार वर्षांच्या पोराला खोटं सांगणं फार सोपं असतं. ते विश्वास ठेवतं. म्हणूनच या वर्गात एकच नियम: जे तुम्ही पाहिलं नाही, ते शिकवायचं नाही."

वर्गात बारा जणी होत्या. अकरा जणी शहरातल्या जुन्या, नावाजलेल्या घरांतल्या. कोणाचे वडील वकील, कोणाचे बागायतदार, कोणाचे कचेरीत शिरस्तेदार. त्यांना सनद मिळाली तर घरच्या कौतुकात भर पडणार होती आणि न मिळाली तर कौतुक आहे तेवढे राहणार होते. बारावी राही. ती लांज्यापलीकडच्या कुणब्यांच्या वाडीतून आली होती. नवरा रघू मुंबईच्या गिरणीत मागावर; घरी सासू, नणंद जनी, दोन म्हशी आणि भाताची चार खाचरे. गावच्या शाळेत बालवर्ग काढायला वरचे लोक तयार होते. अट एकच, शिकवणारीकडे सनद हवी. आसपासच्या पाच गावांत सातवी झालेली बाई ही एकटीच. सासूने एक वर्ष दिले होते. "पास झालीस तर तुजं नशीब. न्हाय तर येत्या लावनीला चिखलात हजर. दुसरं वर्स मागू नको."

राहीने दुसरे वर्ष मागायचा विचारही केला नव्हता. तिने गावच्या शाळेच्या पडवीतला पूर्वेकडचा कोपरा मनात निवडून ठेवला होता, आणि त्या कोपऱ्यात बसणाऱ्या चौदा मुलांची नावेही ठरवली होती. त्यातली दोन अजून जन्माला यायची होती.

श्रावण संपत आला तेव्हा पद्मजाबाईंनी चंद्राच्या वहीचे काम दिले. श्रावणी अमावास्येनंतरच्या प्रतिपदेपासून भाद्रपदाच्या अमावास्येपर्यंत, रोज, एका पानावर एक दिवस. "दिसला तर जसा दिसला तसा काढा. नाही दिसला तर नाही दिसला असं लिहा. उद्या एखादं मूल विचारील, बाई, चांदोमामा आज असा वाकडा का बसलाय? तेव्हा तुम्ही काय करणार? पंचांग उघडणार?"

बायका हसल्या. हसण्यासारखे त्यात काही नव्हते, हे कळायला त्यांना दीड महिना लागायचा होता.

पद्मजाबाई बहुश्रुत होत्या. परंतु पुष्कळ वाचणाऱ्याच्या ज्ञानाला एखादे भोक असते आणि ते नेमके शेजाऱ्याच्या घराएवढे असते. त्यांचे माहेर कडक सुधारकाचे. त्या घरात गणपती कधी बसला नव्हता. त्यामुळे आपण दिलेल्या महिन्याच्या चौथ्याच दिवशी गणेशचतुर्थी येते, आणि त्या संध्याकाळी चंद्र दिसू नये म्हणून अख्खे कोकण मान खाली घालून चालते, ही गोष्ट त्यांच्या ध्यानातही आली नाही. चवथीचा चंद्र पाहणाऱ्यावर खोटा आळ येतो, हे रत्नागिरीतले शेंबडे पोरही जाणते. प्रत्यक्ष श्रीकृष्णावर मणी चोरल्याचा आळ आला, तिथे इतरांची काय कथा.

गणपतीच्या सुटीत सगळ्या आपापल्या घरी गेल्या. राही वाडीत आली ती पावसातून. प्रतिपदा: ढग. द्वितीया: ढग. तृतीया: ढग. तिला आता धास्ती पडली. महिनाभर असेच चालले तर वहीत नुसते ढगच राहतील, आणि ढग हा काही चंद्र नव्हे. चवथीला गणपती बसला, दुपारी पाऊस थांबला, आणि संध्याकाळी आरती चालू असताना पश्चिमेचे आभाळ अचानक, कोणी पडदा ओढावा तसे, मोकळे झाले. सगळी वाडी खाली बघत आरती म्हणत होती. राहीने आरतीचे ताट जनीच्या हातात दिले, वही पदराखाली घेतली आणि गोठ्यामागे गेली.

चंद्र होता. कोर बारीक, पण उभी नव्हती. ती उजव्या कुशीवर कलली होती, खालचे उजवे अंग उजळ, दोन्ही टोके वर डावीकडे. ओहोटीला वाळूत ओढून ठेवलेली होडी एका अंगावर पडते तशी. राहीने बाईंच्या शब्दाप्रमाणे जशी दिसली तशी काढली. आकाशातला देव आणि वर्गातल्या बाई यांच्यापैकी कोणाला जास्त भ्यावे, हा प्रश्न तिने आयुष्यात पहिल्यांदाच स्वतः सोडवला होता.

"वयनी! काय करतंस गो तिकडं?" जनी मागे उभी होती. तिने वही पाहिली, वर पाहता पाहता कसेबसे स्वतःला आवरले आणि डोळ्यांवर हात ठेवला. "बगलंस? आज? चवतीचा?"

"बाईंनी सांगितलंय, रोज बगायचा."

"बाईंना काय जातंय सांगाया! आता तुज्यावर आळ येनार बग."

"मग काय करू?"

जनीला उपाय माहीत होता. वाडीत तो सगळ्यांनाच माहीत होता. कोणाच्या तरी शिव्या खाल्ल्या की दोष फिटतो. तिने एक खडा उचलला आणि शेजारच्या केरू म्हाताऱ्याच्या कौलांवर टाकला. खडा खडखडत पन्हळीपर्यंत आला. केरू काठी घेऊन बाहेर आला, अंधुक उजेडात त्याला जनी तेवढी दिसली, आणि पुढची पाच मिनिटे त्याने तिच्या हातापायांविषयी, आईबापांविषयी आणि भविष्याविषयी जे सांगायचे ते सांगितले. शेवट "जने, तुला पटकी नेवो!" असा झाला.

"घे," जनी समाधानाने म्हणाली. "फिटलं."

घरी परतताना राहीच्या ध्यानात आले की शिव्या सगळ्या जनीने खाल्ल्या होत्या. तिच्या वाट्याला एकही आली नव्हती. पण सणाच्या दिवशी म्हाताऱ्याला पुन्हा उठवणे बरे दिसले नसते.

आश्विनात नवरात्र सुरू असताना परीक्षा आली. वर्ग चालवणाऱ्या मंडळींनी पुण्याहून परीक्षक बोलावले होते: रावसाहेब आत्मारामपंत. साठीचे, सोनेरी काडीचा चष्मा, स्वच्छ उपरणे. अठ्ठावीस वर्षे त्यांनी वह्या तपासल्या होत्या आणि त्या अठ्ठावीस वर्षांत वहीबाहेर पाहण्याची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. ते दुष्ट नव्हते. दुष्टपणाला थोडे कुतूहल लागते.

बारा वह्या त्यांच्यापुढे ठेवल्या गेल्या. अकरा वह्यांत एकोणतीस दिवस चंद्र होता आणि तिसाव्या दिवशी, अमावास्येला, शाईने भरलेले काळे वर्तुळ. वर्तुळे कंपासने काढलेली. कला क्रमाने वाढणाऱ्या, क्रमाने घटणाऱ्या. कोर खुंटीला टांगलेल्या विळ्यासारखी ताठ उभी. सभागृहाच्या भिंतीवर विलायतेहून आणलेला चंद्रकलांचा एक तक्ता लटकत होता. त्यातली कोरही तशीच उभी. तिथी पंचांगातून, आकार तक्त्यातून आणि आकाशातून काहीच नाही, अशी त्या अकरा वह्यांची घडण होती. आत्मारामपंतांनी अकराही वह्यांवर 'उत्तम' असे लिहिले.

बाराव्या वहीत एकोणीस ठिकाणी 'ढग', एका ठिकाणी 'झोप लागली', आणि दहा ठिकाणी पेन्सिलीने काढलेला चंद्र होता. अमावास्येलाही 'ढग' असेच लिहिले होते, कारण त्या दिवशीही ढगच होते. काढलेला चंद्र कुठे या कुशीवर, कुठे त्या कुशीवर. एकदा तर विहिरीवर जाताना सकाळच्या उन्हात दिसलेला. त्या वहीवर आत्मारामपंतांनी एकच शब्द लिहिला: 'कल्पित'. आणि दुपारी चार वाजता सगळ्यांना सभागृहात बोलावले.

"ही राही कोण?"

राही उभी राहिली.

"घरी बसून वही भरलीस ना? चंद्र पाहायचा कंटाळा आला की ढग लिहायचे, आणि अधूनमधून मनाला येईल तसा एक चंद्र ठोकून द्यायचा. हे बघ, हा आडवा पडलाय. त्याला काय ताप आला होता?"

मागच्या बाकांवर कोणीतरी फिसकन हसले.

"मी बगला तसा काढला, साहेब," राही म्हणाली.

"रावसाहेब," पद्मजाबाई म्हणाल्या, "त्या महिन्यात ढग होते. मी इथेच होते. मलाही चंद्र अकराच दिवस दिसला."

"ढग काय फक्त तुमच्यावर आणि या मुलीवर होते? या अकरा जणींना रोज दिसला. अकरा साक्षी एकीकडे, एक एकीकडे. न्याय कसा करतात, पद्मजाबाई?"

"अकरा साक्षी नाहीत. एक साक्ष आहे आणि अकरा नकला आहेत. तो भिंतीवरचा तक्ता लंडनच्या आकाशाचा आहे. तिथे कोर उभी दिसते. आपण विषुववृत्ताच्या बरेच जवळ राहतो, इथे ती कलते."

"वा!" आत्मारामपंत हसले. "म्हणजे लंडनचा चंद्र वेगळा, रत्नागिरीचा वेगळा. पुढल्या वर्षी लांज्याचा तिसरा काढा."

"चंद्र एकच आहे. पाहणारे वेगवेगळ्या ठिकाणी उभे असतात." पद्मजाबाईंचा आवाज जराही चढला नाही, उलट थोडा खाली गेला. ज्यांनी त्यांना सहा महिने ऐकले होते त्यांनी हसणे थांबवले. "या वर्गातून निदान एक जण उभी होती."

आत्मारामपंतांनी उपरणे सारखे केले. "खोटं निरीक्षण लिहिणारीला लहान मुलांच्या पुढे उभं करायचं नाही, हा मुद्दा तुमचाच ना? मग मी तुमच्याच बाजूला आहे. हिला सनद देऊ नये, अशी माझी शिफारस राहील."

सनद हा शब्द राहीने ऐकला आणि पडवीतला पूर्वेकडचा कोपरा तिच्या डोळ्यांपुढून गेला, चौदा मुलांसकट. मग तिला केरू आठवला. शिव्या जनीला बसल्या होत्या; आळ मात्र पत्ता विचारत विचारत बरोबर घरी आला होता. तिच्या मनाचा अर्धा भाग म्हणाला, हे होणारच होते. तो अर्धा भाग फार जुना होता आणि त्याला गप्प करणे तिला जमले नाही.

"आज आश्विन शुद्ध तृतीया," पद्मजाबाई म्हणाल्या. "दोन तासांनी सूर्य मावळेल. पश्चिमेला कोर असेल. शिफारस लिहिण्यापूर्वी एकदा वर पाहा, एवढीच विनंती आहे."

नाही म्हणायला आत्मारामपंतांना कारण सापडले नाही. अठ्ठावीस वर्षांत अशी विनंती कोणी केली नव्हती, त्यामुळे नकाराचा नमुना त्यांच्याजवळ तयार नव्हता.

सूर्यास्ताला सगळे बाहेरच्या ओट्यावर जमले. तिथून उतारावरची कौले, नारळींचे शेंडे आणि पलीकडे समुद्र दिसे. आत्मारामपंतांना खुर्ची दिली होती. बायकांचे वसतिगृह सांभाळणाऱ्या गोदाकाकू, पांढऱ्या लुगड्यातल्या, खांबाला टेकून नवरात्रातल्या दिव्याच्या वाती वळत बसल्या होत्या. त्यांना शास्त्राचे काही नव्हते. पण ओट्यावर वारा बरा होता.

सूर्य पाण्याला टेकला आणि नेमक्या त्याच वेळी क्षितिजावरून ढगांची एक फळी वर सरकू लागली. राही तिच्याकडे बघत राहिली. फळी वाढली. तांबूस झाली, मग जांभळी, मग राखेच्या रंगाची. आत्मारामपंतांनी घड्याळ काढले, पाहिले, परत ठेवले. पद्मजाबाई निश्चल उभ्या होत्या. आभाळ बंद झाले.

राहीच्या शेजारी उमा उभी होती. वैदिकांच्या घरातली, गोरी, हुशार; कंपासने सर्वांत सुबक वर्तुळे तिचीच. ती राहीच्या कानाशी आली, आणि तिच्या बोलण्यात दुष्टाव्यापेक्षा समाधानच अधिक होते.

"चवथीचा चंद्र पाहायचा, वर वहीत काढून ठेवायचा! मग आळ येणार नाही तर काय होईल? आमच्याकडे त्या दिवशी दिवेलागणीनंतर पश्चिमेची खिडकी कोणी उघडत नाही. सांगायला नको कुणी, हाडातच असतं ते."

राहीने मान हलवली. खरेच होते ते. मग तिच्या कपाळावर एक आठी आली. ती कावेबाज नव्हती. तिला खरोखरच एक गोष्ट कळेना, आणि न कळलेली गोष्ट मोठ्याने विचारायची सवय पद्मजाबाईंनी सहा महिन्यांत लावली होती.

"मग उमाताई, तुमच्या वहीत चवथीचा चंद्र आला कुठून?"

ओट्यावर वारा होता, तरी हा प्रश्न सगळ्यांना ऐकू गेला. गोदाकाकूंच्या बोटांतली वात वळता वळता थांबली.

"काय म्हणालीस गो?" त्यांनी राहीला विचारले, पण पाहिले उमाकडे. "उमे, इकडे ये. चवथीच्या पानावर चंद्र काढलायस तू?"

उमाने पदराचे टोक बोटाला गुंडाळले.

"पाहिलास?"

"नाही हो, काकू! गळ्याची शपथ. आमच्याकडे कोणी असलं..."

"मग काढलास कसा?"

गोदाकाकू उठल्या. शास्त्राशी त्यांचे काही देणेघेणे नव्हते. चवथीशी मात्र होते, आणि ते चाळीस वर्षांचे होते. "सगळ्या उभ्या राहा," त्या म्हणाल्या. "ज्यांनी चवथीचा चंद्र डोळ्यांनी पाहिला त्या या खांबाकडे. नाही पाहिला त्या पलीकडच्या खांबाकडे. आणि नवरात्र चालू आहे, एवढं ध्यानात ठेवा."

अकरा सुशिक्षित स्त्रियांपुढे त्या क्षणी दोन दोष मांडले गेले होते, आणि त्यातला एक स्वीकारल्याशिवाय सुटका नव्हती. चंद्र पाहिला म्हणावे तर धर्म बुडाला. न पाहता काढला म्हणावे तर वही बुडाली. फारसा वेळ लागला नाही. लुगड्यांची सळसळ झाली आणि अकराही जणी 'नाही पाहिला' या खांबाकडे गेल्या. धर्म वाचवण्यासाठी त्यांनी लबाडी कबूल केली, आणि त्यात कोणालाही कमीपणा वाटल्याचे दिसले नाही. दुसऱ्या खांबाशी राही एकटी उभी राहिली.

पद्मजाबाई एकदा या खांबाकडे, एकदा त्या खांबाकडे पाहत होत्या. तीन पेट्या पुस्तकांत त्यांना हा प्रयोग सापडला नव्हता.

"अरे देवा," त्या हळूच म्हणाल्या. "चवथ!"

"पंचांगावरून काढला, बाई," उमा रडवेली होऊन म्हणाली. "सगळाच. ढग होते ना. रिकामी पानं वाईट दिसली असती."

गोदाकाकू आत्मारामपंतांच्या खुर्चीपाशी गेल्या. "रावसाहेब, तुम्ही पाहता हो चवथीचा चंद्र?"

"छे!" आत्मारामपंत दचकून म्हणाले. "आमच्या सात पिढ्यांत..."

"मग त्या अकरा चंद्रांखाली 'उत्तम' कोणी लिहिलं?"

आत्मारामपंतांनी चष्मा काढला, उपरण्याने पुसला, पुन्हा लावला, आणि जणू प्रथमच काचांतून पलीकडचे काही दिसते आहे अशा चेहऱ्याने ओट्याकडे पाहिले. वह्या मागवल्या. भिकाजी कंदील घेऊन आला. त्यांनी अकरा वह्या उघडून चवथीचे पान पाहिले, मग तृतीयेचे, मग पंचमीचे. बऱ्याच वेळाने बारावी उघडली. 'कल्पित' हा शब्द त्यांनी एका रेघेने खोडला. कललेल्या कोरीपाशी मात्र पेन्सिल थांबली आणि त्यांनी तिथे एक प्रश्नचिन्ह काढले.

"सनद थांबवण्याचं कारण उरलं नाही," ते म्हणाले. "मुलीनं लबाडी केलेली नाही. पण हा आकार... हे मला अजून पटत नाही."

"पटवून घेऊ नका," पद्मजाबाई म्हणाल्या. "पाहा."

"ढग आहेत."

"हो. ढग आहेत." त्या बायकांकडे वळल्या. "वह्या घ्या. आजची तिथी लिहा आणि खाली लिहा, ढग. तुम्हा अकरा जणींची वही आजपासून पुन्हा सुरू. महिना पुरा झाला की सनदेचं बघू."

अकरा जणींनी कंदिलाच्या उजेडात लिहिले. त्यांच्या वह्यांतले हे पहिले खरे निरीक्षण होते आणि त्यात चंद्र नव्हता.

राही खांबाला टेकून खाली बसली. दुपारपासून तिने श्वास अर्धवट घेतला होता. उरलेला अर्धा आता एकदम आत आला, दमट, खारट, जवळच्या घरातल्या माशाच्या कालवणाचा वास घेऊन. कोणीतरी तिच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. गोदाकाकू होत्या.

"आळ आला नि गेला," काकू म्हणाल्या. "चंद्र पाहिल्याचं फळ ते. मिळालं, संपलं."

राहीने पाणी प्यायले. काकूंशी वाद घालण्याचा तिचा विचार नव्हता. पण तो जुना अर्धा भाग मनात आपली बाजू मांडू लागला तेव्हा दुसऱ्या अर्ध्याने प्रथमच त्याला मध्येच अडवले. आळ तिने पाहिल्यामुळे आला नव्हता. अकरा जणींनी पाहिले नव्हते, म्हणून आला होता. हे तिने दोनदा मनाशी म्हणून पाहिले. दोन्ही वेळा ते बरोबर उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आत्मारामपंतांची आगबोट होती. पद्मजाबाईंनी बाराही जणींना मांडवीच्या धक्क्यावर नेले. निरोप द्यायला नव्हे, वह्या भरायला. गोदाकाकूही आल्या. "आज पुन्हा चतुर्थीच की," असे कोणीतरी भीत भीत म्हणताच त्यांनी फटकारले, "ही आश्विनातली. हिला दोष नाही. बघा खुशाल."

आभाळ धुतल्यासारखे होते. सूर्य गेला, पश्चिमेचा केशरी रंग विरत गेला, आणि त्या विरत्या रंगात कोर उमटली: उजव्या कुशीवर कललेली, खालचे अंग उजळ, टोके वर डावीकडे. धक्क्याखाली ओहोटीने वाळूत टाकलेली एक होडी होती. तीही तशीच कलली होती.

आत्मारामपंत धक्क्याच्या पायरीवर उभे होते. हमाल त्यांची ट्रंक मचव्यात चढवत होता. त्यांनी आधी मान डावीकडे कलवली, मग उजवीकडे. चंद्राने आपली कूस बदलली नाही. मग ते वर आले.

"ती वही आहे का गं?"

राहीने वही दिली. त्यांनी चवथीचे पान काढले, वर पाहिले, खाली पाहिले, पुन्हा वर पाहिले. खिशातून रबर काढून प्रश्नचिन्ह पुसले. इतके सावकाश आणि इतके काळजीपूर्वक, की खाली कागद फाटेल अशी राहीला भीती वाटली. वर फुंकर मारली.

"अठ्ठावीस वर्षं," ते कोणालाच उद्देशून नव्हे असे म्हणाले. मग राहीकडे पाहून, "सनद दिवाळीआधी पोचेल. मी स्वतः लिहीन." आणि पायऱ्या उतरून मचव्यात बसले.

मचवा आगबोटीकडे निघाला. लाटांवर तो या अंगाला, त्या अंगाला होई, आणि त्यात बसलेले रावसाहेब चंद्राशी मान जुळवत राहिले, दिसेनासे होईपर्यंत.

राहीला एकाएकी हसू आले. केरूच्या शिव्या फुकट गेल्या, हे जनीला सांगायला हवे होते. जनीला ते आवडले नसते. तिने वहीचे नवे पान उघडले. तिचा महिना संपला होता, वही तिने भरावी असे कोणी म्हटले नव्हते. पण हात आपोआप पेन्सिलीकडे गेला.

शेजारी उमा कंपास न आणता आली होती आणि नुसत्या हाताने काढायचा प्रयत्न करत होती. तिने दोनदा खोडले. मग राहीच्या वहीत डोकावली.

"राही, ह्याचं वरचं टोक कुठे वळतंय गो?"

राहीने वही छातीशी धरली.

"माज्याकडं काय बगता, उमाताई?" ती म्हणाली. "वर बगा."